पासिर रिसच्या एक स्टेशन अलीकडे

फादर इनास,

त्या रविवारी सुमनकाकूंच्या हातावर पवित्र भाकर मी ठेवली होती. तुम्ही नाही.

हे वाक्य तुमच्या हयातीत बोलायला हवं होतं. मुख्य फादरांच्या ऑफिसात तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसलो होतो तेव्हा. नंतर चहाच्या टेबलापाशी आपलीच माणसं तुमच्या वयाबद्दल कुजबुजत होती तेव्हा. निदान पापनिवेदनाच्या जाळीआड, जिथे ऐकणारे फक्त तुम्ही होता, तिथे तरी. प्रत्येक ठिकाणी मी गप्प बसलो. तुम्ही जाऊन अजून महिनाही झालेला नाही आणि आता मला कंठ फुटलाय.

आपली मराठी मिस्सा, ती महिन्याची उपासना, कशी चालायची ते तुम्हाला काय सांगू? पण हे वाचणाऱ्यांपैकी कित्येकांनी ती पाहिलेली नाही, आणि त्यांना ती समजल्याशिवाय मी काय मोडलं ते समजणार नाही. या परक्या देशात आपल्याला स्वतःचं चर्च नव्हतं. पॅरिशच्या इमारतीतला वरच्या मजल्यावरचा हॉल महिन्यातून एका रविवारी दुपारी आपल्याला मिळायचा, तोही तमिळ मंडळी बाहेर पडल्यावर आणि फिलिपिनो मंडळींच्या गिटारी जुळायच्या आत. खुर्च्या आपणच लावायच्या, आपणच उचलायच्या. तुम्ही चाकांची काळी बॅग ओढत यायचात. तिच्यात क्रूस, दोन मेणबत्त्या आणि गीतांचे कागद, एका बाजूला देवनागरी, दुसऱ्या बाजूला मुलांसाठी रोमन. विमानतळावरून थेट आलात की काय, असं वॉचमन दर वेळी विचारायचा आणि तुम्ही दर वेळी म्हणायचात, "हो, वसईहून. उशीर झाला."

शनिवारी तुमचे फोन सुरू व्हायचे. घरोघर. माझ्या घरी फोन बायकोनं, मोनिकानं घेतला तर तुम्ही तिला माझ्या तक्रारी सांगायचात आणि मी घेतला तर सरळ मुद्द्यावर यायचात.

"उद्या किती जण? नीट सांग. भाकरी मोजून घ्यायच्यात."

"तिघंही येऊ, फादर."

"मागच्या वेळीही तिघं म्हणालास आणि एकटा आलास. उरलेल्या मला खाव्या लागल्या. डॉक्टरनं मला स्टार्च कमी करायला सांगितलंय, आनंद."

किती वेळा नव्यानं मांडलीत तुम्ही ती मिस्सा! वाचन करणारी मुलगी तयार व्हायची आणि तिच्या नवऱ्याचा कामाचा पास संपून ते दोघं परत जायचे. पेटी वाजवणारा कॅनडाला गेला. पोरं मराठीत वाचायला तयार नसायची. माझ्या मुलीला, रियाला तुम्ही एकदा श्रद्धावंतांच्या प्रार्थना वाचायला उभं करत होता, तर ती म्हणाली, "फादर, माय मराठी कॅनॉट मेक इट, ला!" तुम्ही तिला म्हणालात, "माझं इंग्लिशही कॅनॉट मेक इट. पण दर रविवारी खालच्या चर्चमध्ये वाचतोच ना? लोक सोसतात." तिनं वाचलं. 'आजारी' शब्दापाशी अडखळली आणि सगळा हॉल तिच्या मदतीला धावला. मला त्या दिवशी तुमचा अभिमान वाटला होता. हे मी तुम्हाला कधी बोललो नाही. न बोललेल्या गोष्टींच्या ढिगात ही एक चांगली आहे, म्हणून आधी काढली.

मग तबला वाजवणारा आपला मुलगा मेलबर्नला गेला. तुम्ही काय केलंत? मराठी लोकांच्या गणपतीत जाऊन आरतीला तबला वाजवणाऱ्या मंदारला गाठलंत. हा पुण्याचा, आयटीतला, पासिर रिसला राहणारा. त्याला तुम्ही म्हणालात, "तुझा ठेका आमच्या देवाला चालेल. तुला आमचा देव चालतो का बघ."

तो म्हणाला, "चालेल की. माइक कुठला आहे तुमच्याकडे?"

मला ते पटलं नव्हतं. आपण दोघं कोपिटियममध्ये, त्या कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात, टेबलाशी बसलो होतो आणि मी म्हणालो होतो, "फादर, आपण इथे पाहुणे आहोत. हॉल त्यांचा, वेळ त्यांची. उगाच कुणाच्या डोळ्यांवर येण्यासारखं काही नको."

"तबला डोळ्यांवर येत नाही," तुम्ही कॉफीत बिस्किट बुडवत म्हणालात. "कानावर येतो. आणि बरा येतो."

मी तेव्हा नुकताच कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, वाटणाऱ्या सेवकांत निवडला गेलो होतो. त्याचं शिक्षण घेतलं होतं. तिथे तुम्ही आम्हाला सारखं बजावलं होतं, की भाकर घेतलेला माणूस ती तुमच्यासमोर तोंडात टाकतो की नाही ते पाहा, कुणी ती घेऊन चालू लागला तर थांबवा. मी ते पाठ केलं होतं. वसईत आमच्या घरात धर्मग्रामाच्या कामाला कुणी कधी उभं राहिलं नव्हतं. वडील मिस्सेला मागच्या बाकावर बसायचे आणि संपायच्या आत बाहेर पडायचे. त्यांचा मुलगा परदेशात वेदीपाशी उभा राहतोय, याचा मला किती ताठा होता ते तुम्हाला दिसत असणार. तुम्ही कधी टोकलं नाहीत. एकदाच म्हणालात, "खांदे जरा सैल सोड. पालखी नाही उचललेली."

त्या रविवारी मंदारनं आईला आणलं होतं. त्याची बायको दिवसांत होती, अवघडलेली होती, नोव्हेना भागातल्या दवाखान्यात तिला पलंगावरून उठायची बंदी होती. सुमनकाकू पुण्याहून मदतीला आल्या होत्या. तबल्याच्या मागे, भिंतीशी, मोतिया रंगाची साडी नेसून बसल्या होत्या आणि गाणी ओळखीची नसताना टाळी बरोबर धरत होत्या.

कम्युनियनच्या आधी एक सूचना द्यायची असते. ख्रिस्ती नसलेल्यांनीही रांगेत यावं, हात छातीवर फुलीसारखे ठेवावेत, त्यांना भाकरीऐवजी आशीर्वाद मिळेल. ती सूचना देणं माझं काम. दारात फिलिपिनो मंडळींचा माणूस घड्याळावर बोट आपटत उभा होता. मी सूचना गाळली. ही माझी पहिली चूक.

रांगा दोन, एक तुमची, एक माझी. सुमनकाकू माझ्या रांगेत शेवटी आल्या. डाव्या हातावर उजवा हात, ओंजळ नीट पुढे. आपल्यातले कित्येकही इतक्या आदरानं हात पुढे करत नाहीत. मी चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. 'ख्रिस्ताचं शरीर' म्हणालो, भाकर ठेवली आणि पात्रात किती उरल्या ते पाहू लागलो. ही दुसरी.

मान वर केली तेव्हा त्या जागेवर परतल्या होत्या. पर्समधून कडेला निळं भरतकाम केलेला रुमाल काढून त्यांनी भाकर त्यात ठेवली होती आणि चारी टोकं एकावर एक घेत होत्या. घरी आजारी माणूस असलं की देवासमोर मिळालेलं आपण एकटे खात नाही. माझी आजी तशीच होती. सणाच्या मिस्सेनंतर चर्चबाहेर वाटलेला पाव पदराला बांधून ती घरी आणायची, माझ्या आजारी आत्यासाठी. मला हे माहीत होतं, फादर. हेच मला अजून झोंबतं. मला ते कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी वेदीपासून निघालो आणि खुर्च्यांमधून त्यांच्यापाशी गेलो.

"काय करताय तुम्ही? काढा ते बाहेर!"

त्या दचकल्या. "सुनेसाठी ठेवतेय हो. दवाखान्यात आहे ती."

मी रुमाल हातातून ओढला. आणि म्हणालो, "हा तुमच्या देवळातला साखरफुटाणा नाहीये!"

तबला थांबला. गाणं दोनतीन आवाजांनी थोडं पुढे गेलं आणि तेही थांबलं. मी ती भाकर तिथेच उभा राहून तोंडात टाकली, शिकवल्याप्रमाणे.  रिकामे झालेले हात काकूंनी तसेच मांडीवर ठेवले होते, एकावर एक. मंदार उठला, तबल्यावर कव्हर घातलं, आईचा दंड धरला आणि तिला घेऊन गेला. जाताना माझ्याकडे पाहिलंही नाही. तुमच्याकडे पाहून मात्र मान लववली.

मिस्सेनंतर कपडे बदलायच्या खोलीत तुम्ही बेसिनपाशी तो रुमाल पाण्यात बुडवत होता, भाकरीचा कणही वाया जाऊ नये म्हणून. पाठ माझ्याकडे होती.

"फादर, ती बाई भाकर घेऊन गेली असती. दवाखान्यात."

"हं."

"नियम आहे."

"तुला नियम कुणी शिकवला?"

"तुम्हीच."

"मग मला विचारायला यायचंस. मी तीन पावलांवर होतो."

"वेळ नव्हता, फादर."

"अपमान करायला होता." तुम्ही रुमाल पिळलात आणि माझ्याकडे वळलात. "नियम बरोबर, आनंद. ती भाकर तशी जाऊ द्यायची नव्हती. मीही गेलो असतो त्यांच्यापाशी. शेजारी बसलो असतो. म्हटलं असतं, काकू, हे इथेच घ्यायचं असतं, सुनेसाठी मी स्वतः येतो दवाखान्यात. भाकर परत मिळाली असती आणि माणूसही."

मी म्हणालो, "आवाज चढला असेल. पण चूक माझी नाही."

हा आपला वाद. पुढे जितकं भांडलो ते सगळं या एका वाक्यावर. तुम्ही ओला रुमाल माझ्या हातात दिलात. "हा वाळव आणि पासिर रिसला नेऊन दे. दारात उभं राहून एवढंच म्हण, की माझं चुकलं. चहा दिला तर पी."

मी रुमाल खिशात टाकला. त्याचं पुढे काय झालं ते सांगतोच.

कुणीतरी खाली कळवलं. मुख्य फादरांनी आपल्याला बोलावलं. ते रागावले नव्हते, काळजीत होते, आणि ते जास्त वाईट होतं. त्यांनी विचारलं, ख्रिस्ती नसलेल्या बाईंना कम्युनियन कसं मिळालं?

माझं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. पण तुम्ही आधी बोललात. "मराठी मिस्सा माझी जबाबदारी आहे. तिथे जे होतं ते माझ्यामुळे होतं. सूचना दिली गेली नाही, याची माफी मागतो." यात एक शब्द खोटा नव्हता. मुख्य फादरांनी त्याचा अर्थ लावला, की भाकर तुम्हीच दिली. त्यांनी मान हलवली आणि तुमच्या वयाचा आदर राखून ते काही बोलले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. घाई नव्हती तुमच्या नजरेत, जागा होती, मला बोलता येईल एवढी. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत राहिलो.

मिस्सा काही महिने थांबवली. 'सगळी नीट व्यवस्था लागेपर्यंत.' फिलिपिनो मंडळींना आपली वेळ मिळाली. तुम्ही शनिवारी फोन करत राहिलात, आता भाकरी मोजायला नाही, माणसं पांगू नयेत म्हणून. पुन्हा सुरू झाली तेव्हा पुढच्या दोन ओळी भरल्या, बाकीच्या खुर्च्या आपण उगाच लावल्या होत्या. तबला नव्हता. मिस्सेनंतर चहा आणि तळलेले गोडसर फुगे होते, आणि टेबलापाशी कुणीतरी म्हणालं, "फादरांना आता झेपत नाही. कुणालाही कम्युनियन दिलं, म्हणून तर बंद पडलं सगळं."

दुसरं म्हणालं, "वयच झालंय. त्यांना तरी काय बोलणार?"

मी फुगा चहात बुडवत होतो. तो फुटून कपात पडला आणि मी चमच्यानं त्याचे तुकडे शोधत बसलो. मोनिका माझ्याकडे बघत होती. तिनं त्या दिवशी सगळं पाहिलं होतं. माझ्याच रांगेत उभी होती ती, काकूंच्या पुढे. घरी आल्यावर म्हणाली, "तू बोलणार आहेस की मी बोलू?" मी म्हणालो, "बोलेन. वेळ बघून." त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी फक्त भाजीपाल्यापुरती बोलत होती.

तुम्ही मात्र दर महिन्याला पासिर रिसला जात होता. पहिल्या वेळी काकूंनी दार अर्धवटच उघडलं, असं तुम्ही सांगितलंत. दुसऱ्या वेळी पाणी दिलं. तिसऱ्या वेळी थालीपीठ. मंदारच्या मुलीच्या बारशाला तुम्ही पांढरा झगा न घालता गेलात आणि बायकांच्या मागे उभं राहून पाळण्याच्या शेवटच्या ओळीला सूर लावलात. मला हे सगळं तुम्ही मुद्दाम सांगायचात, एखाद्या मुलाला दुसऱ्याच्या घरच्या जेवणाचं वर्णन ऐकवावं तसं.

एकदा म्हणालात, "मी काकूंना शिकवलं. पुढच्या वेळी याल तेव्हा हात असे छातीवर ठेवा. त्यांनी विचारलं, मग काहीच मिळत नाही? म्हटलं, आशीर्वाद मिळतो. तर म्हणाल्या, तो घरी नेता येतो ना?"

तुम्ही हसत होता आणि डोळे पुसत होता. मी म्हणालो, "येणार आहेत का त्या परत?"

"तू आहेस तोवर नाही."

असं तोंडावर तुम्ही कधी बोलला नव्हता. मला राग आला. खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं, या माणसाला माझ्यापेक्षा ती बाई जवळची झाली. एवढी वर्षं खुर्च्या मी उचलल्या.

त्यानंतरच्याच रविवारी तुम्ही मिस्सेनंतर माझ्या दंडाला धरलंत. "चल. आज दोघं जाऊ. रुमाल आहे का जवळ?" रुमाल माझ्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये होता, नोव्हेनाला, स्टेपलरच्या शेजारी. त्या दवाखान्याच्या इमारतीवरून मी रोज जेवायला जात होतो आणि एक दिवसही तो बाहेर काढला नव्हता. "नाहीये," म्हणालो. "असू दे," तुम्ही म्हणालात, "तोंड आहे ना?"

एमआरटीच्या गाडीत आपल्याला समोरासमोर जागा मिळाली. माझ्या शेजारी एक शाळकरी पोर मोठ्या बॅगेला टेकून झोपलं होतं. तुम्ही मला वसईच्या तुमच्या पहिल्या धर्मग्रामाची गोष्ट सांगत होता, तिथे पावसाळ्यात वेदीवर छत्री धरून मिस्सा केली होती म्हणे. मी ऐकत नव्हतो. मी मनात वाक्यं जुळवत होतो आणि प्रत्येक वाक्य 'पण' या शब्दापाशी येऊन थांबत होतं. माझं चुकलं, पण. मला माफ करा, पण.

टॅम्पिनीस आलं. पुढचं स्टेशन पासिर रिस, शेवटचं. दार उघडलं आणि मी उठलो.

"फादर, ऑफिसचा कॉल आहे. विसरलोच होतो. तुम्ही व्हा पुढे."

रविवार होता.  तुम्ही पाय जरा आत घेतलेत, मला जायला वाट मिळावी म्हणून. मी फलाटावर उभा राहिलो. दार बंद झालं आणि काचेतून तुम्ही दिसलात, काळी बॅग गुडघ्यांत धरून बसलेले, माझ्याकडे नाही, पुढे पाहणारे. मी उलट्या दिशेची गाडी पकडून घरी गेलो. मोनिकाला सांगितलं, काकू घरी नव्हत्या.

आणि तरीही दर महिन्याला मी तुमच्याकडे पापनिवेदनाला येत होतो! दुसऱ्या फादरांकडे जाता आलं असतं. का येत होतो, मला सांगता येत नाही. कदाचित तुम्ही विचाराल आणि मला सांगावं लागेल, म्हणून. जाळीपलीकडे तुमचा श्वास ऐकू यायचा. मी माझी नेहमीची यादी म्हणायचो. रियावर ओरडलो, ऑफिसात एकाबद्दल वाईट बोललो, रोजरीची माळ चुकवली. मग तुम्ही विचारायचात, जे तुम्ही सगळ्यांनाच विचारायचात:

"आणखी काही?"

आणि थांबायचात. खूप थांबायचात. बाहेर कुणाची तरी चप्पल वाजायची, पंखा फिरायचा.

"नाही, फादर."

तुम्ही प्रार्थना सुरू करायचात. जाळीबाहेर तुम्ही मला हव्या तितक्या शिव्या घातल्यात, पण जाळीआड एकदाही माझ्या तोंडात शब्द घातला नाहीत. ते माझं मला उचलायचं होतं.

अशी तीनेक वर्षं गेली; काकू नातीसाठी इथेच राहिल्या. शेवटी तुम्ही त्याच दवाखान्यात आलात, माझ्या ऑफिसपासून रस्ता ओलांडून. मी जेवणाच्या सुट्टीत यायचो. तुमच्या नाकात नळी होती आणि तिची तुम्ही नक्कल करून नर्सना हसवत होता. त्या दिवशी मी आलो तेव्हा खिडकीशी डबा ठेवलेला होता, उघडा, आत साजूक तुपाचा शिरा. मी विचारलं नाही कुणी आणला. तुम्हीच म्हणालात, "सकाळी आल्या होत्या. नातीला घेऊन. ती मला 'फादर आजोबा, नो क्राय, ला' म्हणाली. मी रडत नव्हतो. नळीनं पाणी येतं डोळ्यांत."

मग म्हणालात, "गेलास का?"

"जाईन, फादर."

"तुझं 'जाईन' ऐकून ऐकून मी म्हातारा झालो."

मी खुर्ची पुढे ओढली. आता सांगायचं ठरवलं होतं. फक्त पासिर रिसला न गेल्याचं नाही, सगळंच. मुख्य फादरांच्या ऑफिसातलं, चहाच्या टेबलापाशीचं, टॅम्पिनीसचं. "फादर," म्हणालो, "मला काही सांगायचंय." तुम्ही डोळे मिटलेत आणि उजवा हात जरा उचललात, जाळीपलीकडे उचलायचात तसा. त्याच वेळी नर्स रक्त घ्यायला आली. तिला पाहून मला हायसं वाटलं. यासाठी मी स्वतःला काय शिक्षा करू? मी म्हणालो, "उद्या येतो." तुम्ही डोळे न उघडता म्हणालात, "शिरा खाऊन जा."

मी शिरा खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

तुमच्या जाण्यानंतरच्या आठवड्यात मी मुख्य फादरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं.  ते म्हणाले, "हे त्यांच्या हयातीत कळलं असतं, तर मी त्यांची माफी मागितली असती." म्हणजे माझ्या गप्प बसण्यानं त्यांचीही एक माफी अडकून पडली. मराठी मिस्सा पुढे ठेवायची की नाही, ते आता आपल्या मंडळींवर आहे, असंही ते म्हणाले. परवाच्या शनिवारी मी घरोघर फोन केले. पहिल्याच घरी मला तुमच्यासारखं विचारता आलं नाही, किती जण म्हणून. मी म्हणालो, "फादर इनास यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायचीय." काहींनी ऐकलं, काहींनी मध्येच फोन ठेवला. हे लिहितोय तेही त्यासाठीच, ज्यांनी ठेवला त्यांच्यासाठी.

पण या सगळ्याच्या आधी तुमची अंत्यविधीची मिस्सा झाली, आणि मला शेवटी तीच सांगायचीय.

खालचं मोठं चर्च भरलं होतं. तमिळ मंडळी, फिलिपिनो मंडळी, तो वॉचमन सुद्धा. तुमची शवपेटी वेदीसमोर होती आणि तिच्याजवळ तुमची काळी बॅग कुणीतरी आणून ठेवली होती. मुख्य फादरांनी मला कम्युनियन वाटायला उभं केलं. मला सांगता आलं असतं, मला नको. मला तेही जमलं नाही. कम्युनियनच्या गाण्याला कोपऱ्यातून तबला सुरू झाला. मान न वळवताच मला कळलं तो कुणाचा.

रांगा दोन, एक मुख्य फादरांची, एक माझी. माणसं येत होती, जात होती. माझ्या रांगेत पुढची दोन माणसं बाजूला झाली आणि समोर सुमनकाकू उभ्या होत्या. मोतिया साडी. कडेवर नात, एक हात तिला सावरायला गुंतलेला, म्हणून फक्त दुसराच हात छातीवर घेतलेला, तुम्ही शिकवलंत तसा, अर्धा. नातीनं आजीकडे बघून आपलाही हात छातीवर ठेवला. काकूंनी माझ्या डोळ्यांत पाहिलं. शेजारची रांग रिकामी होत आली होती. त्या तिकडे जाऊ शकल्या असत्या. गेल्या नव्हत्या.

रुमाल माझ्या खिशात होता. त्या सकाळी ड्रॉवरमधून काढून आणला होता, कशासाठी ते मलाही माहीत नसताना. माझे दोन्ही हात पात्रावर होते. मागे रांग थांबली होती. मला आशीर्वादाचे शब्द म्हणायचे होते, साधे, पाठ असलेले. ते आले नाहीत.

मी एवढ्या मोठ्यानं बोललो की तबल्यावरचा हात थांबला.

"काकू, त्या दिवशी तुमच्या हातावर मीच ठेवलं आणि मीच हिसकावून घेतलं. फादरांची काही चूक नव्हती. 'तुमच्या देवळातला' म्हणालो मी तुम्हाला. माझं चुकलं. मला माफ करा."